बसऱ्याचा गुलाब

॥ श्री ॥

मुक्काम कडा, माघ वद्य चतुर्थी, शके १८४०

स्वामींचे सेवेशी, मुक्काम बसरा, खेचरांची पलटण,

केसरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळी सुखरूप आहोत. स्वारीची खुशाली आली की सासूबाई दोन घास जास्त जेवतात, तेव्हा चार ओळी का होईना, धाडीत जावे.

मानमोडीची साथ गावातून गेली. जाताना पुष्कळांना घेऊन गेली, पण आपल्या उंबऱ्यापासून मागे फिरली, ही देवाची कृपा. ज्वारी बेताचीच आहे. कपिला व्याली, कालवड झाली. सासूबाईंच्या डोळ्यांवरचा पडदा मात्र वाढत चालला आहे. परवा माझ्या हातातली फुलांची परडी बघून म्हणाल्या, "सूप कावून आणलंस गं?" नगरच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात असे ऐकते. चैत्र लागला की त्यांना तिकडे न्यायचे मनात आहे. आपली पत्रे नगरच्या टपालातून आणणाऱ्या-नेणाऱ्या धोंडीराम गाडीवाल्याला विचारले, तर तो आधी हो म्हणाला आणि मग, "वैनी, तुमी सोता कशाला येता? म्हातारीला मी नेतो की," असे म्हणत बैलाच्या मानेवर हात फिरवीत राहिला. पण मी जाणार आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला देशमुखांच्या घरी मला सगळ्यांच्या आधी पाटावर बसवले. "हिचा मालक समुद्रापल्याड लढाईवर हाय," असे देशमुखीणबाई आल्यागेलेल्या बायकांना सांगत होत्या. मला मान वर करवेना. माझ्या मागे कोपऱ्यात बायनामावशी उभ्या होत्या. विधवा म्हणून त्यांना कुंकू नाही, पाट नाही; फक्त गूळ हातावर ठेवला. खरा मान त्यांचा. त्यांचा एकुलता सटवा तिकडच्या मातीत गेला. आपण दोघे निघालात त्या दिवशी हलगी वाजत होती, तेव्हा मावशींनी त्याचा हात आपल्या हातात देऊन, "दादा, माजं लेकरू तुमच्या पदरात," असे म्हटलेले मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

सटवा तापाने गेल्यावर आपण स्वतःच्या हाताने जे पत्र लिहिलेत, ते मावशींनी पिशवीत घालून उशाशी ठेवले आहे. दर अमावास्येला ते घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "वाच गं तेवढं पाण्याचं." मग मी वाचते: "शेवटच्या घटकेला सटवाचे डोके माझ्या मांडीवर होते. त्याने पाणी मागितले. मी त्याला पाणी पाजले. आईला सांगा म्हणाला, मी एकटा नाही." तेवढे ऐकून त्या उठतात, बाकीचे कधी वाचू देत नाहीत.

आता खरे विचारायचे ते विचारते. मावशींनी तिकडची चिमूटभर माती मागितली होती, तेव्हा आपण कळवलेत की माती धाडता येत नाही, सटवाला जिथे अग्नी दिला त्या जागेजवळच्या गुलाबाचे फाटे धाडतो. पावसाळ्यात धोंडीरामने ते नगरच्या टपालातून सोडवून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले. निम्मे वाळले, निम्मे जगले. एक मावशींच्या अंगणात लावला, दोन आपल्या परसात. पुढच्या वर्षी त्यांचेच फाटे करून गावात दिले. आता निम्म्या गावात तो फुलतो आणि लोक त्याला बसऱ्याचा गुलाब म्हणतात. मावशी रोज सकाळी एक फूल सटवाच्या पागोट्यापुढे ठेवतात.

त्या मला विचारतात, "ह्येला तिकडं काय म्हनत्यात गं? नावानं हाक मारावी वाटती." स्वारीला माझे वेड ठाऊकच आहे. जामखेडच्या शाळेच्या आवारातला पांढरा वेल, दर्ग्यामागचा फिका, महादेवाच्या ओवरीजवळचा काटेरी देशी, सगळे मी परसात आणून लावले आहेत. कोणता कुठला हे पान चुरगाळून डोळे मिटून सांगते, म्हणून आपण थट्टा करत होता. तेव्हा ह्याचेही नाव शोधावे म्हणून मी त्याच्या मागे लागले आहे. पान रुंद, वरून तुकतुकीत. काटे थोडे, पण वाकडे, मांजराच्या नखासारखे. फूल गच्च पाकळ्यांचे, गुलाबी, वास गोड. दर्ग्यामागच्याशी जुळत नाही, देशीशी जुळत नाही.

गेल्या बाजारात बीडचे म्हातारे अत्तरवाले आले होते. त्यांना फूल दाखवले. त्यांनी हुंगून परत दिले. म्हणाले, "बेटी, बसरे का गुलाब मैं जानता हूँ. वो साल में एक बार आता है, फागुन-चैत में. ये तो बारामासी लगता है." खरेच आहे. आपला दिवाळीत फुलला, संक्रांतीत फुलला, आज माघातही त्याला कळ्या आहेत.

आणखी एक. फाटे आले तेव्हा साल हिरवी होती, नखाने खरवडले तर पाणी येत होते. बोटीचा एवढा प्रवास करून काड्या इतक्या ताज्या कशा राहिल्या, हे मला तेव्हाच विचारायचे होते. मी विचारले नाही.

हे लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटते. स्वारी परमुलखात हाल काढते आणि मी इथे बसून काड्यांची साल तपासते. गुलाबाच्याही जाती अनेक असतील; अत्तरवाल्यांनी एकच पाहिली असेल. रागावू नये. तिकडे तो बारमाही फुलतो का, एवढेच कळवावे, म्हणजे मावशींना काही सांगता येईल.

चरणांची दासी,
सौ. केसर


॥ श्री ॥

मुक्काम कडा, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८४१

नमस्कार.

सासूबाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर भला माणूस होता. पट्टी अजून आहे, पण उजेड आणि सावली कळते. दुसऱ्या डोळ्याचे पुढच्या हिवाळ्यात पाहू म्हणाला. त्यांनी चुलीपाशी जायचे नाही, वाकायचे नाही. त्या ऐकत नाहीत.

कालवड अंगणभर उड्या मारते. परसातला पांढरा वेल यंदा भिंतीवर चढला. उन्हाळा कडक आहे. विहिरीचे पाणी खाली गेले, म्हणून भांडी धुतलेले पाणीच मी झाडांना घालते.

नगरचा बाजार मोठा आहे. माणसे कोणाकडे बघत नाहीत, हे मला बरे वाटले.

मी ओल्या फडक्यात गुलाबाची एक फांदी, एक फूल आणि एक कळी बांधून नेली होती. नगरला कोणाला तरी नाव ठाऊक असेल, मावशींसाठी ते विचारून यावे, एवढाच विचार होता. सासूबाईंना दवाखान्यातून सोडले त्या दिवशी फुलबाजारात गेले. वच्छलाबाई म्हणून एक माळीण हार ओवत बसली होती. तिने फांदी हातात घेतली न घेतली आणि म्हणाली, "हा तर कॅम्पातला गुलाब. साहेबलोक एडवड म्हणतात त्याला. बंगल्या-बंगल्याला कुंपणाला लावलाय. तुमच्याच मोगलाईतला एक माळी रोज पाटीभर आणून घालतो. बोलतो पण तुमच्यासारखंच, लई नि कावून." आणि ती हसली.

मी म्हटले, असेल. गोरे लोक बसऱ्यालाही गेले आहेत आणि नगरलाही आहेत. जातील तिथे आपली झाडे नेत असतील. एकच गुलाब दोन्हीकडे असेल. गाडीपर्यंत येईतो मी हेच मनाशी घोकत होते. पण धोंडीरामला, "कॅम्पाच्या रस्त्यानं घे," असे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"तिकडं गोऱ्यांचं राज हाय वैनी. गाड्या जाऊ देत न्हाईत."

समोरून तिकडच्याच रस्त्याने कडब्याच्या गाड्या येत होत्या. मी त्या दाखवल्या. त्याने कासरा ओढला आणि गाडी वळवली.

दगडी कुंपणाचा बंगला तुम्हाला ठाऊक आहे. मी खाली उतरले, कुंपणावरून बाहेर आलेली फांदी धरली आणि माझ्या फांदीशेजारी ठेवली. तेच रुंद पान. तेच मांजराच्या नखासारखे काटे. कळीच्या बुडाशी पिसासारखी कातरलेली तीच हिरवी पाकळी. पान चुरगाळून वास घेतला, डोळे मिटले. इतके दिवस ज्या झाडाचे नाव शोधत होते ते सापडले होते. मला खरोखर आनंद झाला, असे सांगितले तर खोटे वाटेल. पण क्षणभर झाला.

तेवढ्यात आतून मोटेवरच्या बैलांना कोणी तरी म्हणाले, "व्हय मागं, माज्या राजा, व्हय मागं."

गाडीत सासूबाई पट्टी बांधून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "केसर, आपला उत्तरेश्वर बोलला गं."

आणि तुम्ही मोटेच्या धावेवरून खाली आलात. डोक्याला मळका पटका, हातात कात्री. आपली नजरानजर झाली. मला वाटले तुम्ही पुढे याल. तुम्ही गुलाबाच्या झाडामागे खाली बसलात. मला फक्त पटक्याचा शेव दिसत होता आणि तो हलत होता.

"कोन हाय गं तिथं?" सासूबाईंनी विचारले.

मी म्हणाले, "कुणी न्हाई आत्या. परका माळी हाय."

स्वतःच्या आईपासून हाताच्या अंतरावर तुम्ही लपून बसलात. मी पाहूनही ते झाकले. दोघांनी मिळून तिला फसवले. गाडी हलली तरी त्या मान वळवून ऐकतच होत्या.

निजामाच्या जकातीचा, करोडगिरीचा नाका ओलांडून आपल्या हद्दीत आल्यावर सासूबाईंना झोप लागली आणि धोंडीराम रडू लागला. त्याला काही बोलू नका. त्याने तुमची शपथ शेवटपर्यंत पाळली होती. मी तोंडावर विचारले म्हणून त्याने सांगितले. मुंबईच्या धक्क्यावर बोट बघितली, खालचे काळे पाणी बघितले आणि तुमच्याने फळीवर पाय टाकवेना. गर्दीत तुम्ही मागे सरलात. सटवा फळीवर चढला होता, तिथून तो "दादा, दादा" अशा हाका मारत होता. तुम्ही पोत्यांच्या थप्पीमागे बसून राहिलात आणि बोट सुटली. मग पायी, कधी मालगाडीच्या डब्यातून नगरपर्यंत आलात. गावाने हलगी वाजवून पाठवले होते, त्या गावात कसे जायचे म्हणून नाव बदलून तिथेच राहिलात. कॅम्पात माळ्याचे तोंड कोण बघतो, असे तुम्ही त्याला म्हणालात म्हणे.

भिण्याची मला लाज वाटत नाही. तसल्या पाण्याला मीही भ्याले असते. तुम्ही रात्री दाराशी आला असता तर मी दार उघडले असते, न बोलता ताट वाढले असते. चार दिवस लोक हसले असते.

पण सटवाने तिकडून पाठवलेली पत्रे मीच मावशींना वाचून दाखवत होते. प्रत्येक पत्रात तो लिहून घेत होता, "दादा माझ्याबरोबर आहेत, दोघे एका तंबूत निजतो." त्या पोराने मरेपर्यंत तुमची लाज झाकली. आणि तो गेल्याचे धोंडीरामकडून कळल्यावर तुम्ही त्याच्या तोंडात पाणी घातले. नगरच्या बंगल्यात बसून, कागदावर. त्याच्या चितेजवळचा गुलाब म्हणून साहेबाच्या कुंपणाचे फाटे कापून धाडलेत.

हे वाचताना तुम्हाला काय वाटेल ते मला ठाऊक नाही. लिहिताना माझे कान तापले आहेत. मी सगळ्या गावाला तो गुलाब वाटला. पाटलाच्या दारात, मारुतीच्या पारावर, कोणाकोणाच्या तुळशीजवळ, जिथे जावे तिथे तो फुललेला असतो आणि बायका म्हणतात, "केसरबाई, तुमचा बसऱ्याचा बघा किती आलाय." मी आता पाणी आणायला सूर्य उगवायच्या आधी जाते.

आम्ही नगरहून आलो तेव्हा बायनामावशी आपल्या ओट्यावर बसून होत्या. सासूबाईंच्या डोळ्याचे विचारले आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "नाव कळलं का गं त्येचं?"

मी म्हटले, "न्हाई मावशी."

पुढे अमावास्या आली, त्या पत्र घेऊन आल्या आणि "पाण्याचं वाच" म्हणाल्या. मी वाचले. एकही शब्द चुकला नाही. त्या उठून गेल्यावर चुलीपुढे बसून राहिले. आधी मी वाचत होते ते अजाणतेपणी. हे वाचले ते जाणून. आता त्या खोट्यात तुमचा वाटा जास्त की माझा, हे मला सांगता येत नाही.

वर बसरा लिहायला हात धजला नाही. पुढे काय करायचे ते तुम्ही सांगा.

केसर


मुक्काम कडा, वैशाख वद्य दशमी, शके १८४१

तुमचा निरोप धोंडीरामने सांगितला. सांगताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

"दादा म्हनले, गावाला सांगा की मी बसऱ्यातच तापानं गेलो. तेवढं झालं की सगळ्यांचं भागतंय. वैनीला मान ऱ्हाईल, म्हातारी रडून मोकळी व्हईल, मी बी सुटन."

मी त्याला ताक दिले आणि परत पाठवले. 

नंतर किती तरी वेळ परसात उभी होते. तुमचे बरोबर होते, तेच मला सलत होते. खरेच सगळ्यांचे भागले असते. माझ्या बांगड्या फुटल्या असत्या, पण देशमुखीणबाईंनी गळ्यात पडून रडून घेतले असते. गावात बसऱ्याला गेलेले दोन वीर झाले असते. कोणी कोणाला काही विचारले नसते. एक घटकाभर मी ते मनात करूनही पाहिले, कशी रडेन, कोणाला आधी सांगेन. माझ्या मनाने हे केले, हेही तुम्हाला सांगून टाकते.

आणि मग दारातून बायनामावशींची हाक आली. अमावास्या नव्हती. सटवाचे दुसरे वर्षश्राद्ध जवळ आले होते, म्हणून त्यांना गुलाबाभोवती दगडाचा कट्टा बांधायचा होता. गवंडी सांगून ठेवला होता. "तेवढं पाण्याचं वाच," म्हणाल्या, "मंजी उद्या पहिला दगड ठिवताना माज्या कानात ऱ्हाईल."

मी पिशवीतून कागद काढला, उलगडला आणि वाचू शकले नाही. त्यांना वाटले मला रडू आले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. म्हणाल्या, "तुजा मालक येईल गं परत. ज्येनं परक्याच्या लेकराला पानी पाजलं त्येला देव सुकरूप आनतो."

तेव्हा मी सांगितले. सगळे. धक्का, पोती, कॅम्प, कुंपण. एडवड हे नावही सांगितले. जमिनीकडे बघत सांगत होते. संपले तेव्हा मला वाटले त्या ओरडतील, शिव्या देतील, छाती पिटतील. तसे काही झाले नाही.  मग त्यांनी विचारले,

"मग पानी कुनी पाजलं?"

मी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"कुनी तरी पाजलं आसंल का गं?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय सोडवून घेतले, कागद माझ्याच हातात ठेवला आणि भिंतीला धरत धरत घरी गेल्या.

त्यानंतर त्या पाण्याला आल्या नाहीत, देवळात आल्या नाहीत. गवंडी परत गेला. मी भाकरी नेऊन ओट्यावर ठेवली, ती तशीच राहिली. दार आतून लावलेले. सकाळी उठले की वाटे, आज गावाला कळले असेल, आज पारावर माणसे माझ्याकडे वळून बघतील. मी वाट बघत होते. खरे म्हणजे कळावे असेच वाटत होते, म्हणजे एकदाचे होऊन जाईल.

मग एका सकाळी, बाजाराचा दिवस होता, रस्त्यात माणसेच माणसे, मावशी आपल्या घरातून निघाल्या. दोन्ही हातांत ते गुलाबाचे झाड, मुळासकट, मातीच्या ढेकळासकट उपटलेले. हातांवर काट्यांचे ओरखडे उठले होते. पारावरच्या माणसांनी विचारले, "बायनाबाई, झाड कावून उपटलं?"

मी दारात उभी होते. 

मावशी म्हणाल्या, "वाळवी लागली हुती बुडाला. केसरच्या हाताला झाडं जगत्यात, म्हनून तिला देते."

आणि त्यांनी ते माझ्या पायांशी ठेवले. एवढ्या बाजारात त्यांनी माझी लाज झाकली. मला जन्मात कोणी मारले नाही, पण मारले असते तर ते इतके लागले नसते.

आत येऊन त्या बसल्या. सासूबाईही तिथेच होत्या. त्यांच्या डोळ्याची पट्टी आता सुटली आहे. मावशींनी त्यांच्यापुढे सांगावे की नाही असे करीत माझ्याकडे पाहिले, तर सासूबाईच म्हणाल्या, "बोल बायना. डोळं गेलतं माजं, कान न्हाई गेलतं. त्या दिवशी गाडीत मी लेकाचा आवाज वळखला हुता. सून न्हाई म्हनली, मंजी तिला त्रास हुतोय आसं समजून मी गप ऱ्हायले." इतके दिवस त्याही माझे मन राखत होत्या. मी त्यांना काय समजत होते आणि त्या काय निघाल्या.

मग मावशी बोलल्या, ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. त्यांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले.

"त्येला लिव, मला भांडायचं न्हाई. पान्याचं खोटं लिवलं, ते मी देवाच्या गळ्यात घालते. पन माजं पोरगं बोटीवर चढलं, ते त्यानं ह्या डोळ्यांनी बघितलंय. मागं बसला आसंल, लपला आसंल, पन बघितलं तर आसंल. गावातल्या मानसानं सटवाला शेवटचं बघितलं ते त्यानंच. डोक्याला काय बांधलं हुतं? हासत हुता का भेदरला हुता? हाका मारून दमला, मग काय केलं? कोन त्येच्या शेजारी उबं हुतं? तेवढं खरं सांगाया ये म्हनावं. पत्रात नको. माज्यापुढं बसून सांग म्हनावं."

हा निरोप. आता माझे ऐका.

तुम्ही बसऱ्यात मेलात असे मी गावाला सांगणार नाही. कुंकू पुसणार नाही. गावाला काय सांगायचे ते तुम्ही येऊन सांगा. मी आधी काही बोलणार नाही आणि नंतर काही झाकणार नाही. लोक हसतील. पोरे तुमच्या मागे "बोट आली, बोट आली" असे ओरडत फिरतील. मी तुमच्यासोबत रस्त्याने चालेन. मान वर करून चालेन असे वचन देत नाही, कारण ते मला जमणार नाही. पण चालेन.

मावशींचे झाड मी परसात लावले आहे. जगेलसे वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारले तर ह्याला एडवड म्हणतात, नगरच्या कॅम्पात असतो, असे सांगते. परवा पाटलीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग बसऱ्याचा कुठला?" मी म्हटले, "तो माझ्याकडे नाही."

पुढच्या बाजारी धोंडीराम माल पोचवून परतताना गाडी रिकामी आणील. कॅम्पाच्या रस्त्यानेच येईल, दगडी कुंपणापाशी थांबेल. आलात तर आधी आपल्या घरी येऊ नका. सासूबाई डोळा उघडून बसल्या असतील, तरी नाही. आधी मावशींच्या ओट्यावर जा. पाणी मागू नका, त्यांनी दिले तर घ्या. त्या विचारतील तेवढे सांगा. सटवा भेदरला असेल तर भेदरला म्हणा. तुम्हाला हाका मारताना रडला असेल तर रडला म्हणा. त्यात एक शब्दही गोड करू नका. तुम्ही चांगले लिहिता, म्हणून भीती वाटते.

नाही आलात, तर मावशींना काय सांगायचे ते मी ठरवले आहे. गाडी रिकामी आली, एवढेच.

खाली सौ. लिहिते आहे. त्यात अभिमान नाही. तुम्ही जिवंत आहात, आणि ते लपवायला मी तयार नाही, म्हणून लिहिते.

सौ. केसर